गरोदरपणातील बीजांडकोशाची गाठ : निदान व दक्षता

गर्भाची वाढ पाहण्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत कधी कधी बीजांडकोशावर गाठ आढळून येते. 'गाठ' हा शब्द कानी पडताच घरच्या मंडळींच्या मनात कर्करोगाची शंका उभी राहते. क्वचित गर्भपाताचीही भाषा होऊ लागते. वस्तुतः अशा बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर बीजांडकोशात त्या जागी पीतपिंड तयार होतो. गर्भ टिकविणारे संप्रेरक प्रारंभीच्या आठवड्यांत तोच पुरवितो. पुढे हे कार्य वार करू लागते. या पीतपिंडात द्रव साठून झालेली गाठ बहुधा १६ व्या आठवड्यापर्यंत आपोआप विरून जाते. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करणे हा निदानाचाच एक भाग होय.

पातळ भिंतीची, स्वच्छ द्रवाने भरलेली व ५ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ सहसा निर्धोक असते. न विरणाऱ्या गाठींमध्ये केस व चरबी असलेली 'डर्मॉइड' गाठ बरेचदा आढळते. तीही सामान्यतः कर्करोगाची नसते. गाठीत घन भाग वा जाड पडदे असल्यास किंवा पोटात पाणी झाल्यास मात्र तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. अशा वेळी एम.आर.आय. तपासणी उपयोगी पडते. सोनोग्राफी व एम.आर.आय. या दोहोंत क्ष-किरणांचा वापर होत नाही. 'सीए-१२५' या रक्तघटकाचे प्रमाण गरोदरपणात स्वभावतःच वाढत असल्याने केवळ त्यावरून निष्कर्ष काढू नये.

गाठ मोठी असून न विरल्यास शस्त्रक्रियेचा विचार शक्यतो चौथ्या-पाचव्या महिन्यात केला जातो.

तथापि एक लक्षण वाट पाहू देत नाही. ओटीपोटात एका बाजूस अकस्मात तीव्र कळ येऊन उलट्या होऊ लागल्यास गाठीसह बीजांडकोशाला पीळ पडल्याची शक्यता असते. रक्तपुरवठा खंडित होऊन बीजांडकोश निकामी होऊ शकतो. अशा स्त्रीस घरगुती उपचारांत वेळ न दवडता, महिना कोणताही असो, तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानान्वये दरमहा ९ तारखेस शासकीय आरोग्य संस्थांत चौथ्या महिन्यापासून पुढील गर्भवतींची मोफत तपासणी केली जाते. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी. सोनोग्राफीचे सर्व अहवाल जपून ठेवावेत. कारण गाठ वाढली की घटली, हे मागील अहवालाशी तुलना केल्यावरच कळते.