बी कोणाचं, शेत कोणाचं?

 या लेखमालेत आज स्त्री अभ्यासाचे प्रवेश, अभ्यासक्रम आणि पुढच्या नोकऱ्या यांबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते आठवडाभर पुढे ढकलावं लागतंय, कारण समुद्रपूर तालुक्यातून एक पत्र आलं आहे आणि ते बाजूला ठेववत नाही.

पत्र एका कास्तकाराचं आहे. मुलगी बी.ए. झाली. तिला वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात स्त्री अध्ययन घेऊन एम.ए. करायचंय. (पुण्याकडे ‘स्त्री अभ्यास’ म्हणतात ते हेच; वर्ध्याचं विद्यापीठ हिंदीचं, म्हणून तिथं ‘अध्ययन’.) वडिलांचा विरोध नाही. त्यांचा प्रश्न सरळ आहे: या विषयात शिकवतात तरी काय? घरात तिची आजी आहे, आई आहे. बाईच्या जन्माचं त्यांना कळत नाही असं प्राध्यापकांना काय कळतं? पत्राच्या शेवटी उशिराबद्दल दिलगिरी आहे. पाऊस पडून चार दिवस झाले, वावर तयार आहे, पण कपाशी टोबायला बाया मिळेनात, म्हणून लिहायला सवड झाली नाही.

प्रश्नाचं उत्तर त्या दिलगिरीच्या ओळीतच आहे.

समुद्रपूर, हिंगणघाट हा कपाशीचा मुलूख. इथं मृगाचा पाऊस झाला की वावरात फुली पाडतात, म्हणजे उभ्या-आडव्या रेघा मारतात, आणि जिथं दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथं सरकी टोबतात. हे काम बायांचं. ओटीत बी घ्यायचं, कमरेत वाकायचं, काडीनं किंवा बोटांनी जागा करायची, एक-दोन सरक्या सोडायच्या, पायानं माती लोटून पुढच्या फुलीवर जायचं. दिवसभर हेच. औषध लावलेलं रंगीत बी असतं, संध्याकाळी बोटांवर तो रंग उतरलेला दिसतो. तिफणीनं पेरायचं असलं तरी तिफण धरतो पुरुष, आणि मागून सरत्यात, म्हणजे बी सोडायच्या नळीत, मूठ सोडत चालते बहुतेक वेळा बाईच. म्हणजे या भागात बी जमिनीत पडतं ते बाईच्या हातून. बाया मिळाल्या नाहीत तर पेरणी थांबते, हे पत्रलेखकांनी स्वतःच लिहिलंय.

आता त्याच गावात, त्याच दिवशी, कुणाला मूल झाल्याची बातमी आली तर माणसं काय बोलतात ते आठवावं. बी बापाचं, आई म्हणजे जमीन. वंश बापाचा. मुलगी म्हणजे परक्याच्या वावरात जाणारं रोप. वावरात जी रोज बी टाकते, तिलाच बोलण्यात मात्र जमीन केलंय. पेरणारा तो, पेरली जाणारी ती.

ही विसंगती हा एका प्रसिद्ध निबंधाचा विषय आहे. तो लिहिला लीला दुबे यांनी. हे नाव स्त्री अभ्यासाच्या वर्गात पहिल्या वर्षीच कानावर पडतं. जन्म १९२३चा, मराठी घरातल्या. गायिका सुमती मुटाटकर त्यांच्या बहीण. मानववंशशास्त्र शिकल्या, गोंड स्त्रियांवर संशोधन केलं, सागर विद्यापीठात बरीच वर्षं शिकवलं. भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीचा धांडोळा घेणारी जी सरकारी समिती १९७१मध्ये नेमली गेली आणि जिचा ‘समानतेकडे’ हा अहवाल १९७४च्या अखेरीस आला, तिच्या त्या सदस्य होत्या. त्याच १९७४ साली मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाईंनी देशातलं पहिलं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र उभं केलं. ती कहाणी या लेखमालेत आधी येऊन गेली आहे.

बीज आणि क्षेत्र या रूपकावरचा लीलाबाईंचा निबंध १९८६मध्ये आला. त्यांनी केलं काय? धर्मशास्त्रं, वैद्यकाची जुनी पुस्तकं, लग्नातले विधी, गावोगावच्या म्हणी, संशोधकांनी नोंदवलेली माणसांची बोलणी असं सगळं एकत्र ठेवलं आणि विचारलं की पुरुष बी आणि बाई जमीन, ही जोडी इतक्या ठिकाणी का येते, आणि ती मानल्यानं कुणाचा काय फायदा होतो? आजीला आणि आईला जे तोंडपाठ असतं, तेच उचलून समोर ठेवायचं आणि त्याचा हिशेब मागायचा, ही स्त्री अभ्यासाची मूळ रीत. पत्रलेखकांच्या घरातल्या बाया अडाणी आहेत असं कुणी प्राध्यापक म्हणत नाही. त्यांचं बोलणं हीच तर सामग्री.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात या बी-जमिनीचा मोठा वाद आहे. पीक कुणाचं, बी टाकणाऱ्याचं की शेताच्या धन्याचं? दोन्ही बाजूंनी दाखले येतात. पण वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाद बी टाकणारा पुरुष आणि शेताचा मालक असलेला पुरुष या दोघांत आहे. निकाल कुणाच्याही बाजूनं लागो, शेत स्वतः पिकाचं मालक ठरण्याची शक्यता त्या वादात मांडलेलीच नाही. रूपकात एवढी ताकद असते. बाईला एकदा जमीन म्हटलं की तिला मालक असणार हे वेगळं सांगावंच लागत नाही.

बरं, हे रूपक शेतकऱ्याच्या ज्ञानालाही धरून नाही. सरकी म्हणजे काय? कपाशीच्या फुलात पराग आणि बीजांड यांचा मेळ झाला की सरकी धरते. सरकीत आई-बाप दोघंही आधीच असतात. पुरुषाची तुलना करायचीच तर ती परागाशी करावी लागेल, बियाशी नाही. संकरित कपाशीचं बी तयार करणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. बीजोत्पादनाच्या प्लॉटात नर ओळी वेगळ्या, मादी ओळी वेगळ्या. संध्याकाळी मादी झाडांच्या कळ्या उकलून आतले परागकोश काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलांचे पराग त्यावर लावायचे. हे क्रॉसिंगचं काम बहुतांशी बायकामुलींच्या हातांनी होतं. बी धरतं ते मादी झाडावर, आणि बॅगेत भरून येतं तेही तेच. १९७० साली गुजरातेत एच-४ हा पहिला संकरित कापूस आला, तेव्हापासून या पद्धतीचं बी वावरात येतंय.

विज्ञानालाही हे कळायला वेळ लागला. सस्तन प्राण्यांच्या मादीत अंडं असतं हे कार्ल फॉन बेअर यांनी १८२७ साली दाखवलं. नर आणि मादी पेशींची केंद्रकं एकमेकांत मिसळतात हे ऑस्कर हर्टविग यांनी १८७०च्या दशकात सागरी साळूच्या अंड्यात पाहिलं. आणि १९०५ साली अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या बाईंनी पिठातल्या किड्यांवर काम करून दाखवलं की पिल्लू नर होणार की मादी, हे नराच्या पेशीतल्या गुणसूत्रावर ठरतं. तिसरी मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरात या तिघांपैकी कुणाचंच नाव पोचलेलं नसतं.

सगळीकडे असंच असतं का, असा पुढचा प्रश्न कुणी विचारेल. लीलाबाईंनी तोही अभ्यासला होता. लक्षद्वीपच्या कल्पेनी बेटावरच्या मुसलमान समाजावर त्यांचं १९६९चं पुस्तक आहे. तिथं मुलं आईच्या तरवाडाची, म्हणजे आईच्या कुळाची. त्या काळी नवरा रात्री बायकोच्या घरी यायचा, सकाळी आपल्या घरी जायचा. वंश बापाकडूनच चालतो, ही गोष्ट निसर्गानं ठरवलेली नाही, हे सिद्ध करायला तेवढं एक बेट पुरतं.

रूपक जुनं झालं, आता काय त्याचं, असं म्हणता येत नाही, कारण ते कायद्यात उतरलेलं होतं. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक वडील, आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला तेव्हा वडिलांची सही मागण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९मध्ये न्यायालयानं ‘त्यांच्यानंतर’ याचा अर्थ ‘त्यांच्या मृत्यूनंतर’ एवढाच घ्यायचा नाही, असा निर्वाळा दिला. महाराष्ट्रात १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम सक्तीचा झाला. बीज-क्षेत्राचा निबंध येऊन तेव्हा अडतीस वर्षं झाली होती.

वावराच्या बाबतीत गणित आणखी कडक आहे. टोबणी, निंदण, वेचणी बाईची. सातबाऱ्यावर नाव बहुतेक घरांत पुरुषाचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकोच्या नावे जमीन करायचं आवाहन केलं होतं. त्यावर एक स्वतंत्र लेख लिहायलाच हवा. आणि काम मोजायचं म्हटलं तर जनगणनेनं १९९१ साली प्रश्नात मुद्दाम शब्द घातले, की शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही धरा. त्याआधी ‘काही काम करता का?’ म्हटल्यावर घरच्या वावरात राबून आलेली बाई सहज ‘नाही, घरीच असते’ म्हणायची आणि मोजणारा तेच लिहून घ्यायचा. घरातल्या कामाचा हिशेब तर अलीकडचा. २०२४च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, आणि ते करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं, असं निघालं.

तेव्हा पत्रलेखकांना उत्तर असं. तुमची मुलगी वर्ध्याला जाऊन बाईपण शिकणार नाही. तुमच्या घरात आणि वावरात जे रोज घडतं त्याला प्रश्न कसे विचारायचे, कागद कुठले काढायचे, म्हातारीचं बोलणं तिच्याच शब्दांत कसं उतरवून घ्यायचं, आणि मग कायदा, जनगणना, पोथी नि जीवशास्त्र एकमेकांसमोर कसे ठेवायचे, हे ती शिकेल. विषय अवघड आहे, वाचायला फार आहे, आणि तो घ्यावा असाच आहे. तिला जाऊ द्या.

एक विनंती मात्र आहे. टोबणीला बाया मिळाल्या की मुलीला एक दिवस त्यांच्यासोबत वावरात पाठवा, वही देऊन. ओटीला, सरत्याला, फुलीला, सरकी सोडायच्या त्या हालचालीला त्या काय काय म्हणतात, ते तिनं लिहून घ्यावं. इतर वाचकांनीही आपापल्या भागातले शब्द कळवावेत. वऱ्हाडातले आणि खानदेशातले विशेष हवे आहेत. प्रवेश, अभ्यासक्रम आणि नेटची परीक्षा यांवरचा लेख पुढच्या आठवड्यात.