कृती लिहावी, करून पाहावी
सात-आठ वर्षांच्या मुलास लिंबाच्या सरबताची कृती लिहावयास सांगितली, तर ते बहुधा ‘लिंबू पिळावे, साखर घालावी’ इतकेच लिहिते. लिंबू आधी चिरावे लागते, हे त्याच्या मनात असते, कागदावर नसते. अशा वेळी चूक दाखवू नये. आजीने लिहिल्याबरहुकूम करून पाहावे. अख्खे लिंबू पिळले जात नाही, हे दिसताच मूल स्वतःच पेन्सिल हाती घेते. मग साहित्य, प्रमाण आणि ‘आधी’, ‘नंतर’, ‘शेवटी’ हा क्रम शिकवावा. एका ओळीत एकच क्रिया असावी. आपल्याला ठाऊक असलेले दुसऱ्यास ठाऊक असतेच असे नाही. दुकानातील नव्या माणसाला काम समजावताना पुढे हीच जाण कामी येते.