नेपाळी ताटातलं गाजर

नेपाळी स्वयंपाकात गाजर क्वचितच एकटं येतं. व्हेज मोमोच्या सारणात ते कोबीसोबत बारीक चिरलेलं असतं, चाऊमिनमध्ये त्याच्या लांब सळ्या दिसतात आणि डाळ-भाताशेजारच्या तरकारीत ते बटाटा, फ्लॉवर, मटारबरोबर शिजतं.

खरी बहार मात्र लोणच्यात! मुळा आणि गाजराचे लांब तुकडे उन्हात थोडे सुकवायचे, मोहरीची पूड, तिखट, हळद, मीठ आणि तिमुर लावायचं, वर मोहरीचं तेल घालून बरणी भरायची. तिमुर हा कोकणातल्या तिरफळाचा भाऊबंद, जिभेला तशाच झिणझिण्या आणणारा.

तेलाचं काम चवीपुरतं नाही. गाजरातलं बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळतं आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं. 100 ग्रॅम कच्च्या गाजरात बीटा-कॅरोटीन सुमारे 8 मिलिग्रॅम असतं. कॅलरी जेमतेम 41. शिजवलेल्या गाजरातून ते अधिक सहज शोषलं जातं.

अ जीवनसत्त्वाचं मोल नेपाळने फार गांभीर्याने ओळखलं आहे. 1993 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात गावोगावच्या महिला स्वयंसेविका लहान मुलांना वर्षातून दोनदा त्याच्या कॅप्सूल देतात.

या हिवाळ्यात गाजराचं लोणचं घालाल, तेव्हा तिमुरऐवजी तिरफळ वापरून बघा. बिया काढून फक्त सालं घ्या.