चूल, गोवरी आणि कर्ब : स्वच्छ इंधनाच्या प्रचाराची भाषा

घरगुती इंधनातून होणारे कर्बाचे उत्सर्जन मोजावयाचे, तर शासकीय पाहण्यांमध्ये 'कुटुंब' हे एकक धरले जाते. मराठी लोकव्यवहारात हे एकक पूर्वीपासून 'चूल' या शब्दाने दाखविले गेले आहे. भाऊ विभक्त झाले म्हणजे 'चुली वेगळ्या झाल्या'. घरातील सर्वांना जेवावयास बोलवावयाचे असल्यास आमंत्रण 'चूलबंद' असते, कारण त्या दिवशी त्या घरी चूल पेटवावयाची नसते. उलट, 'घरात चूल पेटली नाही' हे वाक्य उपासमार किंवा सुतक यांपैकीच काहीतरी सुचविते. संस्कृत 'चुल्ली'पासून चालत आलेल्या या शब्दाभोवती अर्थाची अशी वलये असताना 'चूल बंद करा' असा उपदेश करणाऱ्या प्रचारकाच्या तोंडी, त्याला कल्पना नसताना, एक अशुभ वाक्य येते. स्वच्छ इंधनाच्या चळवळीतील अडचणींची चर्चा करताना अनुदान, पुरवठा आणि किंमत यांचा विचार होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु भाषेचा विचार क्वचितच होतो.

ही गोष्ट जुन्या कार्यकर्त्यांना अधिक कळली होती असे दिसते. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कार्यातून जी सुधारलेली चूल पुढे आली, तिला 'मगन चूल' हेच नाव मिळाले, आणि अखाद्य तेलावर जळणारा दिवा 'मगनदीप' झाला. मगनलाल गांधींच्या नावाने विशेषण बदलले. 'चूल' हे नाम मात्र राहिले. 'निर्धूर चूल' या शब्दाचीही घडण अशीच आहे. केंद्र शासनाचा सुधारित चुलींचा कार्यक्रम 1983च्या सुमारास सुरू होऊन 2002 मध्ये संपला, तरी हा शब्द टिकला, कारण त्यात गृहिणीच्या अनुभवातील 'धूर' होता. 'प्रदूषण' या शब्दाने डोळे चुरचुरत नाहीत. अर्थात धूर हा शब्दही सर्वस्वी वाईट नाही : बाळंतिणीला शेक-शेगडी आणि धुरी देण्याच्या प्रथेत धूर हितकारक मानला गेला आहे. धूर वाईट असे सरसकट सांगणाऱ्याला या अनुभवाशीही तडजोड करावी लागते.

जालन्याच्या परिसरात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. हा कापसाचा आणि तुरीचा प्रदेश. पीक निघाल्यावर पऱ्हाट्या आणि तुराट्या घरी येतात, त्यांना गवऱ्यांची जोड मिळते. या इंधनाला बाजारभाव जवळजवळ नाही, म्हणून हिशेबात खर्चही नाही. सिलिंडर मात्र रोखीने घ्यावा लागतो. 1 मे 2016 रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने जोडणीचा अडसर पुष्कळ कमी केला, परंतु पुन्हा भरून आणण्याचा खर्च राहिलाच. म्हणून चहा-भाजी शेगडीवर आणि भाकरी व अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी विभागणी अनेक घरांत सुखाने नांदते. येथेही शब्द पाहण्यासारखा आहे. नव्या साधनास लोकांनी 'गॅसची चूल' न म्हणता 'गॅसची शेगडी' म्हटले. संस्कृतातील 'अंगारशकटी' या, निखाऱ्यांच्या उचलत्या पात्राच्या नावाशी 'शेगडी'चे नाते जुळते. शेगडी उचलून ठेवता येते. चूल घराच्या भुईशी बांधलेली असते. चुलीचे स्थान गॅसने घेतलेले नाही, तो तिच्या शेजारी आला आहे, हा निवाडा बोलीने फार आधीच दिलेला आहे.

'गोबरगॅस' या संमिश्र शब्दाची कथा वेगळी आहे. जशभाई पटेल यांनी 1951च्या सुमारास तरंगत्या टाकीचे संयंत्र सिद्ध केले. खादी आयोगाने 1960 नंतर ते देशभर नेले. शब्दही हिंदीमार्गे तयारच आला. 'शेणवायू' रूढ झाला नाही. तरीही 'गोबर' मराठीस अगदी परका नाही. संस्कृत 'गोवर' म्हणजे शेणाचा चुरा. हिंदी 'गोबर' आणि मराठी 'गोवरी' ही दोन्ही त्याच कुळातील. या सख्ख्या शब्दांत व्यवहारात मात्र स्पर्धा आहे. गोवरी झाली की शेण जळून जाते. संयंत्रात घातले की वायूही मिळतो आणि उरलेली मळी शेतात परत जाते. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे 50 किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे लागतात. ते नीट चालले तर दिवसाला सुमारे 0.9 किलो एलपीजीइतके इंधन मिळते, म्हणजे महिन्याला 14.2 किलोचे जवळजवळ दोन सिलिंडर. एका सिलिंडरच्या ज्वलनातून सुमारे 42 किलो कर्बद्विप्राणिद वायू निघतो. ज्याच्या गोठ्यात जनावरे नाहीत, त्याच्यासाठी हा हिशेब कोरडाच. पुण्याच्या 'आरती' संस्थेत आनंद कर्वे यांनी 2003 साली शेणाऐवजी स्वयंपाकघरातील पिष्टमय टाकाऊ पदार्थांवर चालणारे लहान संयंत्र सिद्ध केले ते याच अडचणीवरचा उपाय म्हणून. 2006 मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले.

सर्वांत मोठा गोंधळ 'कर्ब' या शब्दाचा आहे. शेतकऱ्याला हा शब्द 'सेंद्रिय कर्ब' या जोडीतून परिचित झाला, आणि तेथे तो संपत्तीवाचक आहे : जमिनीत कर्ब वाढला पाहिजे, असे कृषी सहायक सांगतो. त्याच गावात दुसरा प्रचारक येऊन 'कर्ब कमी करा' म्हणतो. दोघेही शास्त्राला धरून बोलत आहेत. एक मातीत धरून ठेवलेल्या कर्बाविषयी, दुसरा हवेत सोडलेल्या. हा भेद सांगितला नाही, तर ऐकणारा दोघांनाही नमस्कार करून आपल्या कामाला लागतो. 'कार्बन फूटप्रिंट'साठी सुचविलेला 'पाऊलखुणा' हा शब्द तर आणखीच अडचणीचा, कारण मराठीत पाऊलखुणा जपावयाच्या असतात, पुसावयाच्या नव्हेत.

शेणाच्या उदाहरणाने हा भेद सहज दाखविता येतो : गोवरीतून कर्ब हवेत जातो, मळीतून त्याचा काही भाग जमिनीत परततो. वाक्प्रयोग बदलून 'कर्ब शेतात परत न्या' असे म्हटले, तर पहिल्या प्रचारकाशी विरोध उरत नाही.

विजेच्या बाबतीत लोकभाषा अधिक मोकळी आहे. 'ऊर्जा' पाठ्यपुस्तकात राहिली. घरात 'लाईट' येते-जाते आणि छतावर 'सोलार' बसतो. 2024 साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंत 78,000 रुपयांचे अनुदान मिळते. एक किलोवॅटच्या पट्ट्यांतून दिवसाला साधारण चार युनिट वीज मिळते, आणि कोळशावर मुख्यतः अवलंबून असलेल्या आपल्या जाळ्यातील प्रत्येक युनिटामागे सुमारे 0.7 किलो कर्बद्विप्राणिद वायू सुटतो. कुंडलिकेच्या काठावरील जुना जालन्यासारख्या दाट वस्तीत मात्र छत कोणाचे, हा प्रश्न पुढे येतो. एका माळवदाखाली तीन चुली असल्या, तर मालकी सामाईक आणि वीजबिले निराळी. शिवाय मातीच्या माळवदावर पट्ट्यांचे सांगाडे उभारण्यापूर्वी त्याची भार पेलण्याची ताकद तपासावी लागते. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरली; तेथे निर्णयाचे एकक चूल नव्हे, गाव होते. जुन्या वस्तीत तसा निर्णय करावयाचा तर तो गल्लीने किंवा वाड्याने करावा लागेल.

पाहणीच्या प्रश्नपत्रिकेकडेही भाषाभ्यासकाने लक्ष द्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 58.6 टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरतात असे आढळले. प्रश्न मात्र 'मुख्यतः' कोणते इंधन वापरता, असा होता. या एका क्रियाविशेषणाने भाकरीची चूल उत्तरातून गळून पडते. सकाळी कशावर काय शिजते आणि संध्याकाळी कशावर, असे दोन साधे प्रश्न बोलीत विचारले, तर शेगडी आणि चूल दोन्ही नोंदवहीत येतील.