मोटारीतील स्वयंचलित गारवा : यंत्र लहरी की आपण अनभिज्ञ?

जुलै महिन्यात पालघरहून मनोरकडे मोटारीने जाणाऱ्या मंडळींत एक वाद हमखास रंगतो. बाहेर पावसाची झोड, आत एसीचा गारवा आणि वाघोबा खिंडीच्या वळणावर समोरची काच एकाएकी पांढरी होते. पुढे बसलेले काका म्हणतात, ‘एसी बंद करा, थंडीने धुके धरले.’ मागून मामा म्हणतात, ‘बंद कसला करता? वाढवा!’ गंमत अशी, की दोघांचेही म्हणणे कधी बरोबर असते, तर कधी चूक. आणि या वादाचा निकाल काही सेकंदांत लागावा लागतो, कारण समोरून ट्रक येत असतो.

आजच्या पुष्कळ मोटारींत ‘स्वयंचलित’ वातानुकूलन असते. आपण फक्त २४ हा आकडा लावायचा. बाकी सारे यंत्र पाहते. पण मग ते मध्येच पंखा जोरात का सोडते? पाऊस असताना कॉम्प्रेसर का चालू ठेवते? लोक म्हणतात, यंत्र लहरी आहे. ते लहरी नाही. त्याचे नियम समजून घेतले की त्याची प्रत्येक ‘लहर’ उलगडते.

यंत्राला काय कळते?

तुम्हाला उकडते आहे हे यंत्राला कळत नाही. त्याला कळतात ते फक्त त्याच्या संवेदकांनी, म्हणजे सेन्सरांनी कळवलेले आकडे. एक सेन्सर असतो समोरच्या फळीवर, बारीक जाळीमागे. तो आतल्या हवेचे तापमान मोजतो. दुसरा पुढच्या जाळीजवळ, बाहेरच्या हवेसाठी. तिसरा समोरच्या काचेखाली, फळीच्या माथ्यावर, छोट्या काळ्या टिकलीसारखा. तो ऊन मोजतो. चौथा थंड नळ्यांच्या जाळीजवळ असतो. त्या जाळीवर बर्फ धरून हवेची वाट बंद होऊ नये, म्हणून तापमान शून्याजवळ येऊ लागताच तो कॉम्प्रेसरला थांबण्याचा इशारा देतो.

आता खिंडीतल्या झाडीतून गाडी उघड्यावर येताच पंखा का घोंघावतो, ते सांगता येईल. आतली हवा अजून तापलेली नसते. पण ऊन अंगावर पडले की माणसाला उकडते, हे यंत्र बनवणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून उन्हाचा सेन्सर आगाऊ सूचना देतो. या टिकलीवर कोणी वर्तमानपत्र टाकले किंवा नेमकी तेथेच गणपतीची मूर्ती बसवली, तर यंत्राच्या दृष्टीने भर दुपारी सूर्य मावळतो, आणि आपण म्हणतो, एसीत दम नाही!

बाहेरच्या सेन्सरचीही अशीच गोष्ट. मनोर नाक्यावर वाहनांच्या रांगेत गाडी अडकली की इंजिनाची आणि डांबराची धग त्याला लागते, आणि हवा ३३ अंश असताना पडद्यावर ३८ दिसू शकतात. गाडी वेगाने धावू लागली, वारा लागला, की आकडा हळूहळू ताळ्यावर येतो. सेन्सर खोटे बोलत नाही. तो आपल्या जागेचे तापमान सांगतो, गावाचे नव्हे.

अठरा लावले म्हणून लवकर गार होत नाही

बोईसर स्थानकाबाहेर दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीत आपण शिरतो, आणि घाईने आकडा १८ वर नेतो. त्याने गाडी लवकर गार होते का? नाही. आत ५० अंश असतील, तर २४ काय आणि १८ काय, दोन्ही फार दूर आहेत. अंतर मोठे दिसले की यंत्र आधीच आपली सगळी ताकद लावते. बोईसरहून पालघरला जाणाऱ्याने ‘मला वसईला जायचे आहे’ असे म्हटले, म्हणून लोकल पालघरला लवकर पोहोचत नाही. तसेच हे. फरक पडतो तो पुढे. २४ लावलेले यंत्र २४ जवळ येताच हात आखडते. १८ लावलेले थांबत नाही, आणि मग आपण कुडकुडतो. त्यापेक्षा निघताना दोन मिनिटे काचा खाली करून कोंडलेली तप्त हवा बाहेर काढणे, हा स्वस्त आणि खरा उपाय.

२४ जवळ आल्यावर यंत्र काय करते, तेही मजेचे आहे. अंघोळीच्या कढत पाण्यात आपण विसण घालतो ना? येथे उलटे विसण असते. हवा आधी थंड जाळीवरून जाते आणि मग तिच्यातील काही भाग इंजिनाच्या गरम पाण्याच्या जाळीवरून नेऊन पुन्हा एकत्र केला जातो. किती भाग न्यायचा, ते एक झडप ठरवते. विजेच्या मोटारीत उष्णतेची सोय निराळी असते, पण तत्त्व तेच. आधी गार करून मग गरम करणे हा वेडेपणा वाटतो. तो का नाही, ते लवकरच दिसेल.

तारापूरचा धडा

मोजणे, ठरवलेल्या आकड्याशी तुलना करणे, आणि फरक कमी होईल अशी कृती करणे, याला ‘ऋण फीडबॅक’ म्हणतात. बोईसरच्या विद्यार्थ्यांना त्याचे थोर उदाहरण घराजवळच आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. त्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या. त्यांतील पाणी उष्णता तर वाहून नेतेच, शिवाय न्यूट्रॉनांचा वेग कमी करते, आणि मंद न्यूट्रॉनच युरेनियमचे विखंडन चालू ठेवतात. उष्णता वाढली की वाफेचे बुडबुडे वाढतात. बुडबुडे वाढले की तेवढ्या जागेतले पाणी घटते, मंद न्यूट्रॉन कमी होतात आणि विखंडन ओसरते. नियंत्रण-कांड्या आणि माणसांची देखरेख असतेच. पण हा लगाम निसर्गनियमानेच घातलेला आहे.

मोटारीतला लगाम मात्र सेन्सर, तारा आणि झडपा यांच्यामार्फत चालतो. त्यामुळे त्याला उशीर होतो. गिझरचा नळ फिरवल्यावर गरम पाणी यायला वेळ लागतो, आपण अधीर होऊन आणखी फिरवतो, आणि मग भाजते. यंत्रानेही असे करू नये म्हणून त्याला सावकाशीचे वळण लावलेले असते. आपण दर मिनिटाला बटणे दाबत राहिलो, तर त्याची घडी बसतच नाही.

पाण्याचा हिशेब

हवा गार करणे हे एसीचे अर्धेच काम. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरियर यांनी आपली यंत्रणा आखली ती माणसांसाठी नव्हे, ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेने कागद फुगे आणि रंगांची छपाई सरके. हवेतील ओलावा ताब्यात ठेवणे, हाच त्यांचा हेतू होता. पुढे १९३९ मध्ये पॅकार्ड कंपनीने मोटारीत एसी आणला, आणि १९६४ मध्ये कॅडिलॅक मोटारींत आकडा लावण्याची स्वयंचलित सोय आली.

आपल्या किनाऱ्यावर ओलाव्याचे हे काम किती मोठे आहे, पाहा. पावसाळ्यात हवा २९ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के आहे असे समजा. अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. १० अंशांपर्यंत गार केलेली हवा ९ ग्रॅमच्या आसपास वाफ धरते. उरलेली १५ ग्रॅम पाणी होऊन जाळीवरून ठिबकते. तासाला २०० घनमीटर बाहेरची हवा आत घेतली, तर ३ लिटर पाणी! गाडीखाली पडणारे ते पाणी म्हणजे बिघाड नव्हे. मात्र ३ किलो वाफेचे पाणी करताना सुमारे ७३ लाख जूल उष्णता काढावी लागते, म्हणजे सतत २ किलोवॉट. दमट बोईसरमध्ये जो एसी धापा टाकतो, तोच कोरड्या हवेत का सुखाने चालतो, याचे उत्तर यात आहे. आणि आधी गार करून मग गरम का करायचे, याचेही. गार केल्याने हवा कोरडी होते, मग गरम केल्याने ती सुखद होते.

धुके कोणत्या बाजूला?

आता काका-मामांच्या वादाकडे वळू. काचेचे तापमान तिला लागलेल्या हवेच्या दवबिंदूखाली गेले, की तिच्यावर दव धरते.

एसी बंद, चार माणसे भिजून आत बसलेली, काच पावसाने गार झालेली : अशा वेळी श्वास आणि ओले कपडे आतल्या हवेचा दवबिंदू वाढवतात, आणि दव आतून धरते. येथे मामा बरोबर. एसी चालू करावा, बाहेरची हवा घ्यावी. काचेचे धुके काढण्याचे बटण दाबले की बहुतेक मोटारी आपण होऊन हेच करतात. पावसात कॉम्प्रेसर चालू होण्याचे रहस्य हेच.

पण वर सांगितलेल्या दमट हवेचा दवबिंदू २६ अंशांजवळ येतो. गार झोत थेट काचेवर सोडून ती २२ अंशांवर नेली, तर दव बाहेरून धरते. येथे काका बरोबर. वायपर फिरवावा, झोत काचेवरून हटवावा, आकडा दोन-तीन अंशांनी वाढवावा.

ओळखायचे कसे? चालवणाऱ्याने नव्हे, शेजारच्याने काचेला आतून बोट लावावे. रेघ उमटली तर धुके आतले. न उमटली आणि वायपरने काच स्वच्छ झाली, तर बाहेरचे. काहीच दिसेनासे झाले, तर वेग कमी करून सुरक्षित जागी गाडी थांबवावी.

आतली हवा, बाहेरची हवा

तारापूर औद्योगिक वसाहतीजवळून जाताना उग्र वास आला, की आपण ‘आतली हवा आतच’ हे बटण दाबतो. ते योग्यच, पण नंतर विसरतो. शांत बसलेला माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चौघांचे पाव तासात १८ लिटर झाले. गाडीत ३,००० लिटर हवा धरली, तर हे प्रमाण ०.६ टक्के, बाहेर ते ०.०४ टक्के असते. फटींतून हवा येत-जात असते, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी भरतो. पण डोके जड होते, पेंग येते. रात्रीच्या महामार्गावर चालकाला पेंग येणे म्हणजे काय, ते सांगायला नको. म्हणून वास सरताच बाहेरची हवा घ्यावी. आणि बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवून एसीत झोपणे कटाक्षाने टाळावे. तेथे धोका कार्बन मोनॉक्साइडचा असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो मोजणारा सेन्सर गाडीत सहसा नसतो.

करून पाहा

स्टीलचा कोरडा पेला अर्धा पाण्याने भरा. त्यात थर्मामीटर ठेवा. बर्फाचे बारीक तुकडे एकेक करून टाका आणि ढवळत राहा. पेल्याच्या बाहेरील अंगावर पहिली अंधूक छाया दिसताच तापमान टिपा. हाच आजचा दवबिंदू. जानेवारीत, मे महिन्यात आणि जुलैत हा प्रयोग करून तीन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. घरात कोणाची मोटार असेल, तर तिच्यात लावलेला आकडाही त्यांच्यापुढे लिहा. कोणत्या महिन्यात काच बाहेरून पांढरी होईल, हे मग तुम्हीच आधी सांगाल.