एकच पिशवी, अख्खं आयुष्य

आपलं जेवण आपल्याला सांभाळून घेत असतं. आज पालेभाजी राहून गेली तर उद्या मेथी येते, सोमवारी डाळ पातळ झाली तर मंगळवारी उसळ असते. आठवडाभरात उणंदुणं आपसूक भरून निघतं. घरातल्या कुत्र्याच्या वाटीत मात्र रोज सकाळ-संध्याकाळ त्याच पिशवीतले तेच कोरडे दाणे पडतात. तरीही तो वाढतो, धावतो, चमकदार केसांनिशी दहा-बारा वर्षं जगतो. एका सस्तन प्राण्याचं सगळं आयुष्य एकाच तयार अन्नावर निघू शकतं, ही पोषणशास्त्राची अचाट करामत आहे. आणि म्हणूनच पिशवीची निवड जोखमीची आहे. तिच्यात जे नसेल ते भरून काढायला दुसरं जेवण येत नाही.

या खाण्याची सुरुवात केली ती इमारतींसाठी वीजरोधक सळ्या विकणाऱ्या जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने. तो लंडनला गेला होता. तिथे जहाजांवरची टणक बिस्किटं खाणारी कुत्री बघून त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. 1860च्या सुमारास त्याने गहू, भाज्या आणि मांस यांची खास कुत्र्यांसाठीची बिस्किटं बाजारात आणली. आजचे हलके, सच्छिद्र दाणे मात्र 1950च्या दशकातले. पिठाचा गोळा वाफेत आणि दाबाखाली शिजवून बारीक छिद्रांतून बाहेर ढकलतात. बाहेर येताक्षणी दाब उतरतो, आतली वाफ सुटते आणि दाणा फुलतो. मग तो वाळवतात आणि त्यावर चरबी व स्वादद्रव्यं फवारतात. या प्रक्रियेत पिष्टमय पदार्थ नीट शिजतो, म्हणून तो कुत्र्याला पचतो.

पण लांडग्याच्या या वंशजाला पिष्टमय पदार्थ पचतात तरी कसे? 2013 साली ‘नेचर’मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी याचं उत्तर दिलं. स्टार्च पचवणारं अमायलेज हे विकर स्वादुपिंडात बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात साधारणपणे दोनच प्रती असतात. त्यांनी तपासलेल्या कुत्र्यांमध्ये त्या 4 ते 30 निघाल्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या उष्ट्या-खरकट्यावर कुत्रा जगू लागला आणि हजारो वर्षांत त्याचं शरीरच धान्याला सरावलं. आपल्या गावातली कुत्री भाकरीच्या तुकड्यावर पिढ्यानपिढ्या तगली, त्यामागे हेही आहे.

हे कळलं की ‘ग्रेन-फ्री’ पिशवीवरच्या रुबाबदार लांडग्याकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. दाणा बांधून ठेवायला पीठ लागतंच. गहू-तांदूळ काढले की त्या जागी बहुधा बटाटा, वाटाणा, मसूर येतात. 2018मध्ये अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने अशा कडधान्यांचं प्रमाण जास्त असलेल्या खाण्याचा कुत्र्यांच्या एका हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी सुरू असल्याचं जाहीर केलं. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही. पण निरोगी कुत्र्याला धान्य वर्ज्य करण्याची गरज असल्याचंही कुणी सिद्ध केलेलं नाही.

कुत्र्याचं शरीर आपल्यापेक्षा किती वेगळं आहे, ते जीवनसत्त्वांत दिसतं. ‘क’ जीवनसत्त्व त्याचं यकृत स्वतः तयार करतं. आपल्याला त्यासाठी आवळा-लिंबाकडे जावं लागतं. उलट अंगणात तासन्‌तास उन्हात लोळूनही त्याच्या त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसं बनत नाही. ते पोटातूनच मिळायला हवं. दहा अमिनो आम्लंही त्याला अन्नातूनच लागतात. नुसत्या दूधभातावर किंवा नुसत्या उकडलेल्या चिकनवर हे गणित जमत नाही.

सर्वांत नाजूक हिशेब पिल्लांचा असतो. कॅल्शियम जास्त झालं तर प्रौढ कुत्रा ते फारसं शोषून घेत नाही. कोवळ्या पिल्लाला हा दरवाजा अजून नीट बंद करता येत नाही. ग्रेट डेन, लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना कॅल्शियम जास्त झालं तर हाडं वेडीवाकडी वाढू शकतात. म्हणून अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेने अशा पिल्लांच्या खाण्यातल्या कॅल्शियमवर, पाण्याचा अंश वगळून, 1.8 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. चांगल्या पिशवीतल्या खाण्यावर प्रेमाने वरून कॅल्शियमची पावडर घातली, तर नेमका अपायच होऊ शकतो.

आता पिशवी उलटी करा. ‘क्रूड प्रोटीन 24 टक्के’ असं लिहिलेलं असतं. हा आकडा येतो कुठून? 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी पदार्थातला नायट्रोजन मोजण्याची रीत शोधली. प्रथिनांत सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो. म्हणून मिळालेल्या नायट्रोजनला 6.25ने गुणलं की प्रथिनांचा अंदाज येतो. म्हणजे प्रत्यक्षात मोजला जातो तो नायट्रोजन. 2007मध्ये याच फटीतून मेलामाइन आत शिरलं. प्लॅस्टिक उद्योगातल्या या रसायनाच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. त्याचा एक ग्रॅम चाचणीत चार ग्रॅमहून जास्त प्रथिनांसारखा दिसतो. चीनहून आलेल्या भेसळयुक्त ग्लुटेनमुळे अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि पाळीव प्राण्यांचं खाणं प्रचंड प्रमाणात बाजारातून परत घ्यावं लागलं. आकडा खरा असूनही अन्न खोटं असू शकतं. म्हणून उत्पादक कोण, तो कच्चा माल आणि तयार माल तपासतो का, त्याच्याकडे पशुपोषणातला तज्ज्ञ आहे का, हे प्रश्न कंपनीला जरूर विचारावेत.

दोन पाकिटांची तुलना करतानाही पाणी बाजूला काढावं लागतं. ओल्या खाण्याच्या डब्यावर प्रथिनं 8 टक्के आणि पाणी 78 टक्के असेल, तर उरलेल्या 22 भागांत 8 भाग प्रथिनं, म्हणजे 36 टक्के. कोरड्या दाण्यांत 24 टक्के प्रथिनं आणि 10 टक्के पाणी असेल, तर हिशेब सुमारे 27 टक्क्यांवर येतो. आठाने चोविसाला मागे टाकलं! घटकांच्या यादीतही हेच होतं. यादी शिजवण्याआधीच्या वजनाप्रमाणे उतरत्या क्रमाने लावतात आणि ताज्या चिकनमध्ये सुमारे 70 टक्के पाणी असतं. त्यामुळे ‘चिकन’ पहिलं दिसलं तरी तयार दाण्यात त्याचा वाटा बराच आटतो.

मग बघायचं काय? मागच्या बाजूची बारीक अक्षरातली एक ओळ. खाणं ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’, म्हणजे संपूर्ण आणि संतुलित आहे का आणि कोणत्या वयासाठी, हे तिथे असतं. ते आफ्कोच्या किंवा युरोपच्या फेडियाफ या संघटनेच्या निकषांनुसार आहे, असा उल्लेख शोधा. मोठ्या जातीच्या पिल्लासाठी तसा स्पष्ट उल्लेखही हवा. ‘सप्लिमेंटल’ किंवा ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेलं पाकीट चवीपुरतं. त्यावर कुत्रा वाढवू नये. आफ्को स्वतः कोणतंही खाणं तपासत नाही की मंजूर करत नाही. ती निकष ठरवते, दावा कंपनीचा असतो. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा कायदा माणसांच्या अन्नासाठी आहे. त्यामुळे आपल्या दुकानात ही ओळ वाचण्याची जबाबदारी ग्राहकावर जास्त पडते. पावसाळ्यात पिशवीचं तोंड घट्ट बंद ठेवा, ती कोरड्या जागी ठेवा. बुरशी लागलेल्या मक्यातलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचं यकृत निकामी करू शकतं. कुत्र्याला आजार असेल तर निवड पशुवैद्यावर सोपवा.

एवढं करून उत्तम पिशवी घरी आली, तरी अर्धंच काम झालेलं असतं. प्युरिना कंपनीच्या संशोधकांनी 48 लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून आयुष्यभर त्यांचा अभ्यास केला. खाणं तेच, पण जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी. 2002मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. भरपेट खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुर्मान 11.2 वर्षं होतं, मोजून खाणाऱ्यांचं 13 वर्षं. त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. त्या हाताला सहज लागल्या आणि वरून बघताना कंबर दिसली, तर प्रमाण योग्य आहे. नसेल तर वाटी अंदाजाने न भरता दाणे वजनकाट्यावर मोजा, दिवसभरातला खाऊही त्यात धरा. त्या लॅब्रेडॉरांना मिळालेली जवळजवळ दोन वर्षं म्हणजे त्यांच्या आयुष्याचा सुमारे सातवा हिस्सा होता, आणि तो त्यांना महागड्या खाण्याने नव्हे, मोजून वाढण्याने मिळाला.