ग्रंथपालनाची ऑनलाइन पदविका : प्रवेशापूर्वी काय तपासावे?

नवा रायपूर : भारतीय व्यवस्थापन संस्था, हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था या तीनही संस्था छत्तीसगडच्या या नियोजित राजधानीत आहेत. जुन्या रायपुरात २०१८ मध्ये सुरू झालेले नालंदा परिसराचे ग्रंथालय चोवीस तास खुले असते. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी तेथे मध्यरात्रीही अभ्यास करताना दिसतात. ग्रंथालयांचा असा विस्तार होत असताना ती चालविण्यासाठी प्रशिक्षित मनुष्यबळ लागणार, हे ओघानेच आले. त्यामुळे ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदविका घरबसल्या मिळवता येईल का, हा प्रश्न नोकरी सांभाळून शिकू इच्छिणारे अनेक तरुण विचारतात. पदविका मिळते, मात्र ती कोणत्या पदासाठी ग्राह्य धरली जाते, हे प्रवेश घेण्यापूर्वीच पाहणे आवश्यक आहे.

या क्षेत्रात प्रमाणपत्र, पदविका, पदवी आणि पदव्युत्तर पदवी अशा पायऱ्या आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला बारावी उत्तीर्ण विद्यार्थी प्रवेश घेऊ शकतो. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीसाठी मात्र आधी कोणत्याही शाखेची पदवी लागते. याच विद्यापीठाची ग्रंथालय स्वयंचलन व संगणकजाल ही पदव्युत्तर पदविका ग्रंथालयशास्त्र आधीच शिकलेल्यांसाठी आहे. ‘पदविका’ हा एकच शब्द निरनिराळ्या पातळ्यांवर वापरला जातो आणि नेमकी येथेच अनेकांची फसगत होते.

नोकरीचे निकषही पदानुसार बदलतात. केंद्रीय विद्यालय संघटनेच्या २०२२ च्या भरतीत ग्रंथपाल पदासाठी ग्रंथालयशास्त्राची पदवी किंवा पदवीनंतरची एक वर्षाची ग्रंथालयशास्त्र पदविका ग्राह्य होती. महाविद्यालयीन ग्रंथपालाला पदविका पुरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार त्यासाठी किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा नियमांत बसणारी पीएच. डी. आवश्यक आहे. म्हणून आधी अभ्यासक्रम निवडून मग नोकरी शोधण्यापेक्षा हव्या त्या पदाची जुनी जाहिरात समोर ठेवून अभ्यासक्रम निवडणे शहाणपणाचे ठरते.

ऑनलाइन आणि दूरस्थ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी नियमांत ते वेगळे आहेत. आयोगाच्या २०२० च्या नियमावलीनुसार दूरस्थ शिक्षण देताना राज्य विद्यापीठाला आपल्या कार्यक्षेत्राची मर्यादा पाळावी लागते. ऑनलाइन अभ्यासक्रमाला ती मर्यादा नाही. रायपूरमध्ये राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा दूरस्थ अभ्यासक्रम घरबसल्या करावासा वाटला, तरी कार्यक्षेत्राचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. छत्तीसगडमध्ये बिलासपूरचे पंडित सुंदरलाल शर्मा मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे रायपूर येथील विभागीय केंद्र हे जवळचे पर्याय आहेत.

आयोगाची मान्यता संस्थेला सरसकट नव्हे, तर विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि विशिष्ट सत्रांसाठी असते. मान्य अभ्यासक्रमांची यादी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. २०२४ पासून या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी ‘डीईबी आयडी’ काढावा लागतो. विद्यापीठाच्या नावाने फ्रँचायझी चालविण्यास मनाई आहे. त्यामुळे गल्लीतील एखादे केंद्र ‘परीक्षेची काळजी आमच्यावर सोडा’ असे सांगू लागले, की तेथून निघून यावे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समतुल्य असल्याचे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. पदव्युत्तर पदविकेखालील अभ्यासक्रमांबाबत मात्र भरती करणारी यंत्रणा ते स्वीकारते का, हे स्वतंत्रपणे विचारून घ्यावे.

अभ्यासक्रमातील खरी कसोटी वर्गीकरण आणि तालिकीकरणाची असते. त्यासाठी छत्तीसगडशी नाते सांगणारे एक उदाहरण घेता येईल. १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मूळचे मराठीभाषक. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद त्यांनीच केला. मूळ मराठी ग्रंथ आणि हा अनुवाद ग्रंथालयात कोठे ठेवायचे? नवखा विद्यार्थी ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा ८९१.४६ आणि हिंदी साहित्याचा ८९१.४३ हा क्रमांक देऊन मोकळा होतो. परंतु हा ग्रंथ साहित्यकृती नाही, त्याचा विषय भगवद्गीता आहे. म्हणून दोन्ही प्रती २९४.५९२४ या वर्गातच शेजारी शेजारी येतात. तालिकेत मुख्य नोंद टिळकांच्या नावाने होते, तर अनुवादक म्हणून सप्रे यांची जोडनोंद केली जाते. ही नोंद राहून गेली, तर सप्रे यांचे कार्य शोधणाऱ्या अभ्यासकाला तो ग्रंथ सापडणारच नाही.

असे निर्णय चित्रफीत पाहून समजतात. ते अंगवळणी पडण्यासाठी मात्र शेकडो पुस्तके हाताळावी लागतात. ऑनलाइन शिक्षणाची उणीव आहे ती येथे. तिच्यावर अंशतः उपायही आहे. ‘कोहा’ ही ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली मुक्त स्रोत असल्याने ती स्वतःच्या संगणकावर बसवून देवघेव, नोंदणी आणि शोध यांचा सराव विनाशुल्क करता येतो. राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘सोल’ या प्रणाली अनेक शासकीय व शैक्षणिक ग्रंथालयांत वापरल्या जातात. त्यांची तोंडओळख मुलाखतीत उपयोगी पडते. आठवड्यातून एक दिवस जवळच्या शाळेच्या किंवा सार्वजनिक वाचनालयात विनावेतन काम करण्याची परवानगी मिळाली, तर ती जरूर घ्यावी.

प्रत्यक्ष कामाची ही गरज नवी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यात आणले आणि १९११ मध्ये तेथे ग्रंथपालनाचा देशातील पहिला प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. संस्थानातील ग्रंथालयांचे जाळे चालवू शकणारी माणसे तयार करणे, हा त्यामागील हेतू होता.

प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी संस्थेला लेखी विचारावेत असे प्रश्न थोडेच आहेत : संबंधित सत्रासाठी अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, परीक्षा ऑनलाइन होईल की केंद्रावर, प्रात्यक्षिक कोठे घेतले जाईल, गुणपत्रिकेवर अभ्यासक्रमाचे आणि विद्यापीठाचे नाव नेमके कसे छापले जाईल आणि प्रवेश रद्द केल्यास शुल्कापैकी किती रक्कम परत मिळेल. उत्तराचा ई-मेल जपून ठेवावा. कागदपत्र पडताळणीच्या वेळी त्याची गरज लागू शकते.